वाळवंटी द्वीपकल्पांतील प्रवास : मार्ग कोणता धरावा?

नकाशा टेबलावर पसरून त्यावर बोट फिरविणें फार सोपें असतें. शाळेंत भूगोल शिकवीत असतां उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लोंबत असलेली ती लांबट जमिनीची पट्टी मीं मुलांना कैक वेळां दाखविली आहे. "हें लोअर कॅलिफोर्निया, म्हणजेच बाहा कॅलिफोर्निया, मेक्सिकोचें द्वीपकल्प," एवढें सांगून छडी पुढें सरकत असे. त्या बोटभर जागेंतून प्रत्यक्ष मोटार हांकीत जाण्याचा प्रसंग साठी उलटल्यावर येईल, असें तेव्हां स्वप्नांतहि आलें नव्हतें. माझी कन्या व जावई अमेरिकेंत सॅन डिएगो येथें राहतात. तें शहर मेक्सिकोच्या सरहद्दीला अगदीं लागून आहे. आम्ही उभयतां हिवाळ्यांत त्यांच्याकडे गेलों असतां, आठ दिवसांची रजा काढून द्वीपकल्पाच्या टोंकापर्यंत जाऊन यावें, असा बेत जांवयांनीं मांडला. मग घरांत पहिला प्रश्न उभा राहिला तो हा, कीं मार्ग कोणता धरावयाचा? त्या प्रश्नाचा उलगडा कसा करावा, हेंच आज आपणांस सांगणार आहें.

प्रथम भूमीची ओळख करून घेऊं. ह्या द्वीपकल्पाची लांबी सुमारें १,२०० किलोमीटर. रुंदी मात्र अरुंद जागीं पन्नास किलोमीटरांच्याहि आंत. पश्चिमेस पॅसिफिक महासागर, पूर्वेस कॅलिफोर्नियाचें आखात. मधून डोंगरांचा कणा गेलेला असून तो बहुतेक ठिकाणीं आखाताच्या बाजूला झुकलेला आहे. उत्तरेकडील त्याचें सर्वांत उंच शिखर तीन हजार मीटरांहून थोडें अधिक आहे. महासागरांतील प्रवाह थंड असल्यामुळें पश्चिम किनाऱ्यावर धुकें व गारवा असतो. आखाताच्या बाजूला उन्हाळ्यांत पारा चाळिसाच्या वर चढतो.

ही भूमि नकाशावाल्यांनाहि एके काळीं चकवून गेली. फ्रान्सिस्को दे उल्योआ हा स्पॅनिश नाविक १५३९ सालीं आखाताच्या शेवटापर्यंत जाऊन आला आणि पुढें वाट नाहीं हें त्यानें पाहिलें. तरी सतराव्या शतकांतील पुष्कळशा नकाशांत कॅलिफोर्निया हें बेट म्हणून दाखविलेलें आढळतें! किनो नांवाच्या जेझुइट पाद्र्यानें १७०० च्या सुमारास त्या प्रदेशांत फिरून तें बेट नव्हे असें दाखविलें. आणि अखेर १७४७ सालीं स्पेनच्या राजाला तसें फर्मान काढावें लागलें. ज्याला पाहून आलेल्या माणसापेक्षां कागद खरा वाटतो, तो कोठें ना कोठें फसतो, हा बोध आम्हांलाहि पुढें घ्यावा लागला.

आतां रस्त्यांकडे वळूं. मुख्य रस्ता एकच. तो सरहद्दीवरील तिहुआना शहरापासून निघतो व दक्षिण टोंकाच्या काबो सान लुकास गांवीं संपतो. त्याची लांबी सुमारें १,७११ किलोमीटर आहे. द्वीपकल्पाच्या लांबीपेक्षां रस्त्याची लांबी एवढी अधिक कां, असें कोणी विचारील. रस्ता सरळ जात नाहीं. तो एकदां महासागराकडे, मग मधल्या वाळवंटांत, पुन्हा आखाताकडे, पुन्हा पश्चिमेच्या मैदानांत अशीं वळणें घेत जातो. हा डांबरी रस्ता १९७३ सालीं पुरा झाला. त्यापूर्वीं ह्याच वाटेनें जाणाऱ्यास धुळींतून व दगडगोट्यांतून दिवसेंदिवस रखडावें लागे.

परंतु उत्तरेच्या भागांत निवड करावयास जागा आहे. पहिला मार्ग पश्चिमेचा : तिहुआना, एन्सेनादा, सान किन्तिन, एल रोसारियो व तेथून वाळवंटांत शिरून कातावीन्या. दुसरा मार्ग पूर्वेचा : मेहिकाली शहराहून आखाताच्या कांठानें सान फेलिपे, तेथून गोन्सागाचा उपसागर व पुढें चापाला नांवाच्या कोरड्या तळ्याजवळ मुख्य रस्त्याला मिळणारा. ह्या दुसऱ्या मार्गाचा दक्षिणेकडील भाग पुष्कळ वर्षें कच्चा होता. २०१८ च्या शरदांत 'रोझा' नांवाच्या वादळाच्या पुरानें त्यावरील पूल व भराव वाहून नेले. आतां तो सलग डांबरी झाला आहे. शिवाय एन्सेनादाहून डोंगर ओलांडून पूर्वेच्या रस्त्याला जाऊन मिळणारा एक आडवा रस्ताहि आहे.

ह्यांतील चांगला कोणता? पश्चिमेच्या मार्गावर गांवें अधिक, मुक्कामाची सोय अधिक. पण रहदारीहि अधिक, आणि गांवोगांवीं गतिरोधक. पूर्वेचा रस्ता मोकळा व समुद्र सतत डाव्या हाताशीं. पण वस्ती विरळ आणि उन्हाळ्यांत उष्मा असह्य. म्हणून उन्हाळ्यांत जाणारानें पश्चिमेची वाट धरावी. हिवाळ्यांत दोन्ही बऱ्या. आम्हीं जातांना पश्चिमेचा व येतांना पूर्वेचा मार्ग ठरविला, व त्याचा पश्चात्ताप झाला नाहीं. एकाच वाटेनें दोनदां जाण्यापेक्षां भूमि दुप्पट पाहावयास मिळते.

मार्ग निवडतांना अंतरापेक्षां चार गोष्टींचा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे.

पहिली गोष्ट इंधन. एल रोसारियो सोडल्यावर गेरेरो नेग्रो गांवापर्यंत सुमारें ३५० किलोमीटर भरंवशाचा पेट्रोल पंप नाहीं. कातावीन्याला कांहीं माणसें पिंपांतून पेट्रोल विकतात. पण तें अडल्यानडल्याला. आपली मोटार लिटरमागें बारा किलोमीटर जात असेल, तर ३५० किलोमीटरांना तीस लिटर लागतील असें गणित सांगतें. परंतु चढ, समोरचा वारा व गारव्याचें यंत्र हे गणितांत न धरलेले भागीदार असतात. म्हणून एल रोसारियोला टांकी अर्धी भरलेली असली तरी ती कांठोकांठ भरावी. पाण्याचेंहि तसेंच. माणशीं दिवसाला चार लिटर व एक दिवसाचें वरकड पाणी गाडींत असावें. ह्या टप्प्यांत मोबाइल बहुतेक ठिकाणीं मुका होतो, हेंहि ध्यानांत ठेवावें.

दुसरी गोष्ट रस्त्याची घडण. जुना रस्ता अवघा सहा मीटर रुंद. कडेला पट्टी नाहीं, आणि भरावावरून चाक घसरलें कीं गाडी खालीं. ओढ्यांवर पूल न बांधतां रस्ताच पात्रांत उतरविलेला असतो, आपल्याकडील फरशीसारखा. पाऊस क्वचित्, पण पडला म्हणजे तेथून लोंढा वाहतो. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत वादळांचे दिवस. २०१४ च्या सप्टेंबरांतील 'ओदील' वादळानें दक्षिण टोंकाची दाणादाण केली होती. आणखी एक खूण सांगतों. पुढचा मालमोटारवाला डावा दिवा लुकलुकवूं लागला, तर 'वाट मोकळी आहे, पुढें जा' असा त्याचा अर्थ असूं शकतो, आणि 'मी डावीकडे वळतों आहें' असाहि असूं शकतो! म्हणून स्वतःच्या डोळ्यांनीं रस्ता दिसल्यावांचून पुढें काढूं नये.

तिसरी गोष्ट कागदपत्रें. अमेरिकेंतील विमा मेक्सिकोंत चालत नाहीं. तेथील विमा निराळा उतरवावा लागतो. आपल्या भारतीय माणसाजवळ अमेरिकेचा चालू व्हिसा असेल, तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाहीं. मात्र परत अमेरिकेंत प्रवेश मिळेल ना, हें निघण्यापूर्वीं पाहावें. द्वीपकल्पापुरती मोटार नेण्यास खास परवाना नको. पण ला पासहून नावेनें मोटार मुख्य भूमीवर न्यावयाची असेल, तर तो लागतो. वाटेंत लष्करी चौक्या आहेत. शिपाई गाडी तपासतात; शांतपणें उत्तरें द्यावीं, म्हणजे झालें.

चौथी गोष्ट उजेड, आणि ती सर्वांत मोठी. ह्या मुलखांत गुरें मोकळीं चरतात. रात्रीं तापलेल्या डांबराच्या ऊबेला तीं रस्त्यावर येऊन उभीं राहतात. काळें जनावर काळ्या रस्त्यावर दिव्याच्या झोतांत येईपर्यंत दिसत नाहीं. म्हणून तेथील माहीतगार एकच नियम सांगतात : सूर्य मावळण्यापूर्वीं मुक्काम.

आमच्या जांवयांनीं बेत मांडला होता तो असा. जाऊन येऊन ३,४२२ किलोमीटर, दिवस आठ. म्हणजे दररोज ४२८ किलोमीटर. ताशीं साठ धरले तर सात तास. फेब्रुवारींत उजेड अकरा तास. कागदावर हिशेब बिनचूक बसत होता, आणि मीहि मास्तरकीच्या संवयीनें तो तपासून 'बरोबर' अशी खूण केली. चूक बेरजेंत नव्हती. एकहि दिवस मोकळा ठेवला नव्हता, ही चूक होती.

दुसऱ्याच दिवशीं सान किन्तिनहून निघालों आणि एल रोसारियोच्या अलीकडे चाक पंक्चर झालें. दुरुस्तींत तीन तास गेले. कातावीन्याला पोंचलों तेव्हां चार वाजून गेले होते. तो प्रदेश फार अद्भुत आहे. घरांएवढ्या गोल शिळांच्या राशी, त्यांतून उभे राहिलेले कार्दोन निवडुंग, जे निवडुंगांत सर्वांत उंच म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि चर्चमधील मेणबत्त्यांसारखे सरळ व उंच सिरियो वृक्ष. परंतु तें पाहण्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें. गेरेरो नेग्रो अजून २३५ किलोमीटर, आणि सूर्य मावळणार सव्वापांच-साडेपांचला. शिवाय तें गांव अठ्ठाविसाव्या अक्षवृत्ताच्या दक्षिणेस, म्हणजे दुसऱ्या राज्यांत. हिवाळ्यांत तेथील घड्याळें एक तास पुढें असतात. देवमासे पाहावयास नेणारी नाव सकाळची ठरविलेली होती.

जांवई म्हणाले, "बाबा, खोलीचे व नावेचे पैसे आधींच भरले आहेत. चार तासांचा तर रस्ता. हळू जाऊं."

मी उत्तर देण्याच्या आधींच आमच्या सौभाग्यवती बोलल्या, "पैसे गेले तर पुन्हा मिळवाल. अंधारांत जनावर आडवें आलें तर काय करणार, तें सांगा, आणि मग चला."

जावई कांहीं बोलले नाहींत. मला त्यांचा विरस दिसत होता. बेत त्यांनीं महिनाभर खपून केला होता. मीहि गप्प राहिलों, ह्याची मला आतां थोडी लाज वाटते. कारण नियम मला ठाऊक होता, आणि तो सांगावयाचें काम माझें होतें. अखेर गाडी तेथेंच थांबविली. रात्रीं चांदण्यांनीं भरलेलें एवढें आकाश मीं लहानपणानंतर पाहिलें नव्हतें. पण जांवयांचें व आमचें जेवतांना बोलणें झालें नाहीं.

सकाळीं उजाडतांच निघालों. तासाभरानें रस्त्याच्या कडेला एक मोटार उताणी पडलेली दिसली. थोड्या अंतरावर एक गाय मरून पडली होती. मोटार रिकामी होती. माणसें केव्हांच कोणी नेलीं असावींत. त्यांचें काय झालें, हें आम्हांस कधींच कळलें नाहीं. जांवयांनीं गाडीचा वेग कमी केला, पण थांबविली नाहीं. पुष्कळ वेळानें ते म्हणाले, "आई, आपण टोंकापर्यंत जात नाहीं. लोरेतोपर्यंत जाऊं व परतूं."

आणि तसेंच केलें. नाव दुसऱ्या दिवशींची मिळाली. उत्तर ध्रुवाजवळच्या थंड समुद्रांतून हजारों किलोमीटर पोहत येऊन, जानेवारीपासून मार्चपर्यंत करडे देवमासे तेथील उथळ खाडींत विणीसाठीं राहतात. एक मादी आपल्या पिलासह नावेजवळ आली, तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं नकळत हात जोडले. पुढें सान इग्नासियोची खजुरीची राई, सान्ता रोसालियाचें लोखंडी चर्च, मुलेहेची नदी व कोन्सेप्सियोन उपसागराचें निळें पाणी पाहात १६९७ सालीं वसलेल्या लोरेतोस पोंचलों. तेथून माघारी फिरलों व ठरल्याप्रमाणें चापालाहून पूर्वेच्या वाटेनें, सान फेलिपेवरून घरीं आलों. एक दिवसहि अंधारांत गाडी चालविली नाहीं. काबो सान लुकास पाहावयाचें राहिलें, तें राहिलेंच.

श्रोतेहो, मार्ग निवडणें म्हणजे केवळ डावीकडचा कीं उजवीकडचा रस्ता हें ठरविणें नव्हे. कोठें थांबावयाचें व कोठून परतावयाचें, हेंहि त्यांतच येतें. टोंकापर्यंत जावयाचेंच असेल, तर आठ नव्हे, बारा-चौदा दिवस हाताशीं ठेवा. तेवढे नसतील, तर लोरेतो किंवा त्याहि अलीकडे सान इग्नासियो हें आपलें टोंक समजा. दर चार दिवसांमागें एक दिवस मोकळा सोडा, एल रोसारियोला टांकी भरा, आणि गाडींतील कोणी 'आतां थांबूं या' म्हणाला, तर चालविणाऱ्यानें वाद घालूं नये. आमच्या घरीं तो नियम आतां जावईच सर्वांना सांगतात.