पाळणाघरातली ताई शिकलेली हवी



बंगळुरूच्या दक्षिणेला, होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रा ही मोठी औद्योगिक वसाहत आहे. पोटापाण्यासाठी दूरदूरची माणसे इथे येतात. आईबाप दोघेही कामावर, आजी गावी. मग दोन-तीन वर्षांच्या मुलाने दिवसभर कोणाजवळ राहायचे? 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. खोली, पाळणे, खेळणी पैशाने येतात. पण मूल ज्या बाईच्या हाती सोपवायचे, तिच्या प्रशिक्षणाचा विचार आपण सर्वांत शेवटी करतो.

'बाईमाणूस आहे, पोरे सांभाळणे तिला येतेच,' हा समज सोडायला हवा. सकाळी आई निघाली की मूल हंबरडा फोडते. अशा वेळी "रडू नको, आई आत्ता येते" असे सहज तोंडून जाते. आई संध्याकाळपर्यंत येत नाही आणि मुलाचा विश्वास उडतो. शिकलेली ताई खाली बसते, त्याला जवळ घेते आणि सांगते, "तू जेवशील, झोपशील, उठून खाऊ खाशील, मग आई येईल." घरी मराठी किंवा ओडिया बोलणारे मूल कन्नड बोलणाऱ्यांत गप्प राहिले, तर ती त्याला मंद ठरवत नाही. पाणी, भूक, शू यांसाठीचे त्याचे शब्द आधी स्वतः शिकून घेते.

मुले सांभाळणारीलाही शिकवावे लागते, हे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी फार पूर्वी ओळखले होते. 1945 साली बोर्डीत त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा मार्ग. बिया, खडे, शिंपले, पाने हीच साधने. आणि या कामाच्या जोडीला बालसेविका घडवण्याचे काम त्यांनी कधी सोडले नाही. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी देशभर पोहोचली.

पालकहो, पाळणाघर निवडताना ताईंचे प्रशिक्षण कुठे झाले, उजळणी शेवटची कधी झाली, घास अडकला तर काय करायचे ते त्यांना येते का, हे जरूर विचारा. आणि कारखानदारांना विनंती, की यंत्र चालवणाऱ्याला जसे शिकवता तसे या ताईंनाही शिकवा, दरवर्षी शिकवा आणि ते दिवस भरपगारी धरा.