पत्ता वाचकाचा, जबाबदारी आपली



१९२३ साली अमरावतीत स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ पुढे नागपुरात स्थिरावला आणि ‘युगवाणी’सारखे नियतकालिक चालवत आला. नियतकालिकांची अशी परंपरा असलेल्या या शहरात विदर्भातील संपादकांच्या या मेळाव्याच्या अध्यक्षपदाचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपली ऋणी आहे.

सकाळपासूनच्या चर्चेत एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू आली: न्यूजलेटर वेळेवर जाते, पण ते उघडणारे महिन्यागणिक कमी होत आहेत. आज मी या एकाच प्रश्नावर बोलणार आहे, कारण छापील अंकाचा खर्च न पेलणाऱ्या छोट्या नियतकालिकांचा वाचकाशी उरलेला धागा आता बहुधा हाच आहे.

माझे म्हणणे थोडक्यात सांगते. ओपन रेट, म्हणजे पत्र उघडणाऱ्यांचे प्रमाण, घसरतो, त्याच्या आधीच आपले वाचकाशी असलेले नाते घसरलेले असते. म्हणून दुरुस्ती तिथून सुरू करावी लागेल.

असे नाते कसे जोडले जाते, याचे एक जुने उदाहरण पाहा. १९२० साली किर्लोस्करवाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याचे ते गृहपत्र होते. आजच्या भाषेत कंपनीचे न्यूजलेटरच. पण संपादक शं. वा. किर्लोस्कर यांनी ते मालाच्या जाहिरातीपुरते ठेवले नाही. उद्योग, विज्ञान, समाजसुधारणा, कथा, चित्रे असा वाचण्याजोगा मजकूर त्यात येऊ लागला. त्यातूनच ‘किर्लोस्कर’ मासिक उभे राहिले, पुढे १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. कारखान्याचे पत्र मराठी घरांत हौसेने वाचले गेले, कारण ते वाचणाऱ्याला काही देत होते.

आता आपण काय पाठवतो ते पाहा. अंक प्रसिद्ध झाला, वर्गणी भरा, दिवाळी अंकावर सवलत आहे, प्रकाशन समारंभाला या. प्रत्येक पत्रात आपण काहीतरी मागतो. शिवाय पुष्कळ पत्ते आपण ग्रंथप्रदर्शनातल्या नोंदवहीतून किंवा जुन्या सभासद-यादीतून उचललेले असतात. त्या माणसांना आपण कधी विचारलेलेच नसते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा गाभा संमतीच आहे, आणि दिलेली संमती मागे घेणेही तितकेच सोपे असावे, असे तो सांगतो. कायदा नसता तरी संपादकाचा धर्म हाच असता.

थोडे तंत्राविषयी बोलते, कारण त्याकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही. ओपन रेट मोजण्यासाठी पत्रात एक अदृश्य, ठिपक्याएवढे चित्र दडवलेले असते. ते लोड झाले की पत्र उघडल्याची नोंद होते. सप्टेंबर २०२१पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय चालू असेल, तर ही चित्रे वाचकाने पत्र न उघडताही आधीच उतरवून घेतली जातात. उलट, ज्याने चित्रे बंद ठेवली आहेत, त्याने सगळे पत्र वाचले तरी त्याची नोंद होत नाही. त्यामुळे या आकड्यावर पूर्ण विसंबू नका. किती जणांनी उत्तर लिहिले, किती जणांनी लेखाच्या दुव्यावर क्लिक केले, किती जणांची वर्गणी पुढे चालू राहिली, हे मोजा.

देवनागरीची एक खास अडचण आहे. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट लागतात. जीमेल साधारण १०२ किलोबाइटच्या पुढचे पत्र कापते. लांबलचक पत्राचे शेपूट कापले गेले, की तळाशी ठेवलेले ते मोजणीचे चित्र जाते आणि ‘सदस्यत्व रद्द करा’ हा दुवाही दिसेनासा होतो. मग कंटाळलेला वाचक स्पॅमचे बटण दाबतो. त्याची किंमत मोठी आहे. फेब्रुवारी २०२४पासून गुगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या ओळख-तपासण्या सक्तीच्या केल्या. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली, म्हणजे हजारी तीनपेक्षा कमी ठेवा, असेही बजावले. फुकटच्या जीमेल पत्त्याच्या नावाने दुसऱ्या सेवेमार्फत शेकडो पत्रे धाडली, तर ती वाटेतच अडण्याची शक्यता असते. संस्थेचे स्वतःचे डोमेन घ्या आणि जाणकाराकडून एकदा ही व्यवस्था नीट लावून घ्या.

विषयाच्या ओळीविषयीही सांगायला हवे. मोबाईलवर तिचे सुरुवातीचे मोजकेच शब्द दिसतात, आणि तिथे आपण मासिकाचे नाव, वर्ष, अंक क्रमांक लिहितो. नाव प्रेषकाच्या जागी आलेलेच असते. विषयाच्या ओळीत लेखाचा विषय येऊ द्या. ‘बोंडअळीनंतरचा यवतमाळ’ असे लिहिले, तर कापूस पिकवणाऱ्याच्या घरातला मुलगा नक्की थांबेल. मात्र ओळीत जे कबूल केले, ते आत असलेच पाहिजे. फसलेला वाचक परत येत नाही.

या मेळाव्यापुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, वर्षभर प्रतिसाद न दिलेल्या प्रत्येक वाचकाला ‘पत्र पुढे पाठवू का?’ असे एकदा साधेपणाने विचारा, आणि होकार आला नाही तर नाव काढा. यादी निम्मी झाली तरी घाबरू नका. उरलेले वाचक खरे आहेत. दुसरी, वर्गणीचे आवाहन करणाऱ्या प्रत्येक पत्रामागे निदान तीन पत्रे केवळ वाचनाचा आनंद देणारी असू द्या. तिसरी, पत्राखाली संपादकाची सही असावी आणि आलेल्या उत्तराला संपादकानेच उत्तर द्यावे.

मराठी नियतकालिके वर्गणीदारांच्या विश्वासावर जगली. कागद, टपाल आणि छपाई यांच्या अडचणी सोसूनही ती टिकली, कारण पलीकडे कोण वाचते आहे हे संपादकाला ठाऊक होते. आज पाठवणे जवळजवळ फुकट झाले आहे, म्हणून जबाबदारी वाढली आहे. या तीन सूचना ठराव म्हणून मंजूर कराव्यात आणि पुढच्या वेळी भेटताना आपापल्या वाचकांची उत्तरे सोबत आणावीत, अशी मी आपणा सर्वांना कळकळीची विनंती करते.