बांध राखला तर भात

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणावरून)



आपल्यापैकी पुष्कळांची गावं रायगड जिल्ह्यातली, त्यातही पेण-अलिबागच्या खारेपाटातली. वरच्या गावचे पाहुणे आम्हाला म्हणतात, 'तुमचं काय बुवा, सपाट जमीन, भरपूर पाऊस, पेरलं की पिकलं!' तसं नाही. आमची कित्येक खाचरं उधाणाच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर आहेत. खाडी आणि भात यांच्यामध्ये उभा आहे तो फक्त मातीचा बांध.

या बांधाला जागोजागी उघाडी असते. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर जातं आणि भरतीचं पाणी तेच दार दाबून बंद करतं. आधी पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन जायला हवं, मग पेरा. बऱ्याच ठिकाणी लावणी न करता मोड आणलेलं बी चिखलात फेकतात, त्याला रहू म्हणतात. जुना राता भात खाऱ्यातही तग धरायचा. पीक वर्षातून एकच. पुढे मिठागर, वीटभट्टी, खाडीतली मासळी, नाहीतर मुंबई गाठायची.

बांधाला खांड पडली की खारं पाणी आत शिरतं आणि पुढची काही वर्षं जमीन नीट पिकत नाही. एका घराने आपल्यापुरता बांध कितीही राखला, तरी शेजारची खांड त्यालाही बुडवते. म्हणून उधाणाच्या रात्री सारा गाव बांधावर असायचा. आपल्यातल्या कित्येक घरांच्या नावावर तेव्हा एक गुंठा नव्हता, पण माती टाकायला माणसं आपलीच पुढे.

भात पिकवायचं आपण आणि मोठा वाटा जायचा खोताच्या कोठारात. वर वेठ वेगळीच. याविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून 1939 पर्यंत संप केला. शेतं ओस ठेवली, उपास काढले, पण एकी सोडली नाही. बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. 10 जानेवारी 1938 ला हजारो शेतकरी मोर्चाने विधिमंडळावर गेले. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती रद्द करणारा कायदा झाला तो 1949 साली. कूळकायद्यानेही कसणाऱ्यांना आधार दिला.

बंधूंनो, कागद असा लढून मिळाला. पण सातबारा भरती अडवत नाही. आज किती तरी खाचरांत बांध फुटून तिवरं उभी आहेत. सातबाऱ्यावर दहा-दहा वारस, आणि बांधावर एकही नाही! सरकारी योजनेतल्या बांधांचं काम खारभूमी खातं पाहतं, हे खरं. पण खेकड्याचं बीळ आधी दिसतं ते रोज बांधावरून चालणाऱ्यालाच.

तेव्हा आमची एवढीच विनंती आहे. ज्यांची नावं गावच्या जमिनीवर आहेत, त्यांनी मे महिन्यात एकदा गावी जावं, बांध डोळ्यांनी पाहावा, उघाडीचं दार तपासावं. जाता येत नसेल त्यांनी दुरुस्तीचा आपला वाटा पोचता करावा. आणि कोणी दलाल जमीन मागायला दारी आला, तर गावातल्या कसणाऱ्या भावांना विचारल्याशिवाय सही करू नये. तुमच्या एका तुकड्याचा बांध सुटला, तर त्यांचं ताटातलं जातं.

ज्यांचं नाव कुठेच नव्हतं, त्यांनी बांध राखला. नाव असलेल्यांनी तो सोडू नये.

जय भीम!