निदान आणि उपचार



चलथाणसारख्या साखर कारखान्याच्या गावी यंत्र थांबणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. गव्हाणीत मोळ्या साचतात. थांबण्याचे कारण मात्र पुष्कळदा भलतीकडेच असते.

१ जुलै २०१२ रोजी पहाटे साडेपाचच्या सुमारास जगातील अनेक लिनक्स सर्व्हर एकाएकी कुंठित झाले. रेडिट आणि मोझिला यांच्या सेवा विस्कळीत झाल्या. ऑस्ट्रेलियात क्वांटासच्या विमानप्रवाशांची नोंदणी खोळंबली. यंत्रे बंद मात्र नव्हती. कित्येकांचे प्रोसेसर निष्कारण पूर्ण वेगाने राबत होते.

यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की सारे सुरळीत होई. परंतु तो उपचार झाला, निदान नव्हे. शिवाय त्यात स्मृतीतील पुरावाही पुसला जाई. जाणकारांनी निराळा प्रश्न विचारला: इतक्या दूरदूरच्या यंत्रांत समान काय? समान होती ती बिघाडाची वेळ.

त्या क्षणी जागतिक वेळेत एक सेकंद अधिक धरला गेला होता. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून आपण अधिकमास पाळतो. त्याच वर्षी अधिक भाद्रपदही होता. तद्वत पृथ्वीच्या परिवलनाशी आण्विक घड्याळ जुळावे म्हणून १९७२ ते २०१६ या काळात २७ वेळा असा अधिक सेकंद धरला गेला. लिनक्सच्या गाभ्याने आपले घड्याळ सेकंदभर मागे घेतले. पण गजर सांभाळणाऱ्या भागाला ती वार्ता पोचलीच नाही. तो एक सेकंद पुढेच राहिला. ‘अर्धा सेकंद थांब’ असे सांगताच त्याला ती वेळ टळून गेलेली दिसे, आणि प्रोग्राम क्षणभरही न विसावता पुनःपुन्हा जागा होई. चालू तारीख व वेळ पुन्हा एकदा नोंदवताच दोन्ही घड्याळे जुळली आणि यंत्रे निवळली.

आपल्या वर्गांतही मुले अशीच कुंठित होतात. सुरत परिसरातील कित्येक खानदेशी घरांत अहिराणी, रस्त्यावर गुजराती आणि पुस्तकात प्रमाण मराठी! मुलाच्या मनातील ही घड्याळे जुळलेली नसतात. तो मुका बसतो, पण आत विलक्षण राबत असतो. त्याला मंद ठरवून त्याच इयत्तेत पुन्हा बसवणे म्हणजे यंत्र बंद करून चालू करणेच होय. त्याला घरच्या बोलीत एक प्रश्न विचारून पाहावा. कुठले घड्याळ मागे राहिले, ते तोच सांगेल.

ज्या गुरुजींच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, त्यांना याहून उचित आदरांजली मला सुचत नाही.