परसबाग आणि गृहिणीचे ताट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला शिकल्यासवरलेल्या बाईने बोलावे, अशी रीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "काकू, तुमच्या परसात बारा महिने भाजी असते. ती कशी, एवढेच सांगा." ज्या कामात रोज हात मातीने भरतात त्यावर चार शब्द बोलायला संकोच कसला, म्हणून उभी राहिले आहे.

आपल्या जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, शेतात सोयाबीन, कपाशी, तूर आणि रब्बीला हरभरा, गहू. ही पिके घरात पैसा आणतात. भाजी मात्र शेतकऱ्याच्या घरातही आठवडी बाजारातून विकत येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे माणसाने रोज किमान ४०० ग्रॅम भाजीपाला व फळे खावीत, आणि बटाटा त्यात धरायचा नाही. म्हणजे पाच माणसांच्या घराला दिवसाचे दोन किलो, आठवड्याचे चौदा किलो झाले. बाजाराच्या पिशवीतून आपल्या घरी किती येते, ते प्रत्येकीने मनाशी मोजून पाहावे.

आणि जी भाजी येते ती कोणाच्या ताटात जाते? आधी शेतावर जाणारी माणसे, मग मुले, मग म्हातारी माणसे. आपण बसतो तेव्हा पातेल्याला लागलेला रस्सा उरतो. ठेचा आणि भाकर घेऊन आपण उठतो. याबद्दल कोणी तक्रार करीत नाही, आपणही करीत नाही. पण त्याचा हिशेब शरीर ठेवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे या सभेत आज बसलेल्या दर दोघींपैकी एक.

माझ्या मधल्या मुलीचे रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन नऊ भरले. या वयात ते बारा तरी असावे. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या व रोज पालेभाजी खाऊ घाला असे सांगितले. गोळ्या फुकट मिळाल्या. रोजची पालेभाजी फुकट कुठली? सासूबाईंच्या हातचे परस आमच्याकडे होतेच, पण त्यात दोडक्याचा वेल आणि चार वांगी, एवढेच असे. उरलेल्या जागेत सोयाबीनचे कुटार पडलेले. मी म्हटले, कुटार गोठ्यामागे जाईल, ही जागा मला द्या. घरात थोडी बोलाचाली झाली. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "घेऊ द्या तिला. पोरीच्या रक्तापेक्षा कुटार मोठं आहे काय?" दहा फूट रुंद व वीस फूट लांब जागा मिळाली. गोळ्या आणि भाजी दोन्ही नेमाने चालू ठेवली. सहा महिन्यांनी मुलीचा आकडा साडेअकरावर आला.

आता त्या जागेत वर्षभर काय काय होते ते सांगते.

मृगाचा पाऊस पडला की भेंडी, गवार, बरबटी, दोडका, कारले आणि कोहळे लावायचे. आपली जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. सपाटीवर लावलेले रोप मुळाशी सडते, म्हणून वरंबा करून त्यावर बी टोचावे. वेल कुंपणावर किंवा मांडवावर चढवावेत, म्हणजे खालची जागा मोकळी राहते. पेरलेले उगवून येईपर्यंत तरोटा आणि घोळ या रानभाज्या आपोआप आलेल्या असतात, त्यांना तण म्हणून फेकू नये. अंबाडीच्या दोन ओळी अवश्य असाव्यात. ज्वारीच्या कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी आणि वर लसणाची फोडणी, याचे वर्णन वऱ्हाडातल्या बायांपुढे करण्याची गरज नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही असा नेम आहे. त्या दिवशी परसातलीच भाजी लागते. बाईच्या हाताने खणून पिकवलेल्या अन्नाला आपल्या पूर्वजांनी एक सणच राखून ठेवला, असे मला त्यातून वाटते. महालक्ष्म्यांच्या जेवणाला सोळा भाज्या जमवताना तर परस असलेल्या बाईकडे सारी आळी येते.

आषाढात वांग्याचे रोप लावले की दसऱ्यापासून फळे मिळू लागतात. दसरा झाल्यावर मेथी, पालक, मुळा, सांबार, पातीचा कांदा, टमाटे यांची पाळी. मेथी महिन्याभरात हाती येते. पालक मुळासकट उपटू नये, पाने कापावीत, म्हणजे तोच वाफा तीनचार वेळा भाजी देतो. सगळे बी एका दिवशी पेरले तर एका आठवड्यात खाववत नाही इतके होते आणि पुढे काही उरत नाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी थोडेथोडे पेरावे. हिवाळा हा परसाच्या वैभवाचा काळ. पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचे भरीत, त्यात कच्ची कांद्याची पात, मेथीचा घोळाणा, शेतातल्या तुरीच्या सोल्यांची आमटी. भोगीची भाजी तर घरच्या घरी जमते.

उन्हाळा मात्र परीक्षा पाहतो. त्या दिवसांत मी फार हाव धरीत नाही. शेवग्याच्या शेंगा, चिवळ, थोडी गवार, मोरीजवळ अळू आणि पुदिना. वाफ्यावर जुनी पातळे बांधून सावली करावी. मुळाशी कुटाराचा थर द्यावा, त्याने ओल टिकते. पाणी संध्याकाळी घालावे. हिवाळ्यात जास्त झालेली मेथी आणि हरभऱ्याचा पाला सावलीत वाळवून ठेवला असेल तर या दिवसांत तोच उपयोगी पडतो.

तुम्ही म्हणाल, प्यायला पाणी नाही तिथे भाजीला कुठले? २०१८ साली सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आपल्या जिल्ह्यातले तालुकेही होते. त्या उन्हाळ्यात मी भाजीसाठी वेगळा एक हंडाही आणला नाही. डाळ-तांदूळ धुतलेले व भाजी धुतलेले पाणी वाफ्याला, आणि आंघोळीचे पाणी शेवगा व केळीला. साबणाचे पाणी पालेभाजीवर घालू नये, झाडांना चालते. वाफे सुकले, पण शेवगा जगला आणि त्याच्या पाल्याची भाजी आम्ही पावसापर्यंत खाल्ली.

आपल्यांतील कित्येकींचे माहेर घाटाखाली पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे. तिथे विहिरीच्या पाण्याने रोपे करपतात. अशा ठिकाणी पन्हाळीचे पावसाचे पाणी साठवावे, शेणखत भरपूर घालावे आणि खारटपणा सोसणारा पालक व बीट लावावे. श्रावणघेवडा तिथे टिकत नाही. अधिक माहिती बुलढाणा व जळगाव जामोद येथील कृषी विज्ञान केंद्रांत मिळते. आपल्या भगिनींनी तिथे जाऊन विचारायला लाजू नये.

मावा पडला तर सकाळी दंवात चुलीची राख भुरभुरावी. अळीसाठी निंबोळीचा अर्क करावा. पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्यावी आणि किंचित साबण मिसळून फवारावी. विषारी औषध परसात आणूच नये, कारण तिथली भाजी तोडली की तासाभरात ताटात येते.

बियाण्याविषयी एक सांगते. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. त्याचे बी धरले तर दुसऱ्या वर्षी झाड आईसारखे निघत नाही. देशी वाणाचे बी मात्र घरी धरता येते. वेलावरचे पहिले चांगले फळ खायला न तोडता बियांसाठी राखावे, पूर्ण वाळू द्यावे, बी राखेत घोळून बाटलीत भरावे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम वर्षानुवर्षे केले. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. घेवडा, वाल आणि इतर पिकांचे देशी वाण त्यांनी जपले, व २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपणांस पद्मश्री नको, पण दोडक्याची मूठभर बी तरी जपता येईल.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवते. पहिली, दरवर्षी मृगाआधी आपण एक दिवस बियाण्यांची देवघेव करावी. जिच्याकडे जे असेल ते पुडीत बांधून आणावे, पैशाचा व्यवहार नको. दुसरी सूचना जरा अवघड आहे. परसातली भाजी शिजली की वाढण्यापूर्वी एक वाटी बाजूला काढून ठेवावी, ती स्वतःसाठी व घरातल्या मुलींसाठी. लोखंडी तव्यावर किंवा कढईत करावी, वर लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते, आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नये. बाई स्वतःसाठी काढून ठेवते असे कोणी म्हणेल. म्हणू द्यावे. पहिल्या दिवशी मलाही हात आखडल्यासारखे झाले होते. आता माझी मुलगीच विचारते, "आई, आपली वाटी काढलीस का?"

हे ज्या दिवशी प्रत्येक घरातली मुलगी विचारील, त्या दिवशी आपल्या मंडळाने मोठे काम केले असे मी समजेन.