हलत्या घराचे खण

घर जागचे हलत नाही, म्हणून त्यातील कपाटही हलत नाही, हे सुतारकामाचे जुने गृहीत आहे. परंतु ट्रकच्या पाठीवर निजण्याची, रांधण्याची व सामान ठेवण्याची सोय करावयाची झाली की ते कोसळते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि फिरत्या घराची कल्पना आता आपल्याकडे अपरिचित राहिलेली नाही. पेडणे वा डिचोली येथील एखाद्या सुताराकडे असे काम आले, तर त्याने कोणता विचार करावा?

प्रवासासाठी खण घडविणे गोमंतकीय कारागिराला नवे नाही. सतराव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांसाठी ‘कोन्तादोर’ नावाची अनेक खणांची कपाटे घडत. सागवानावर काळ्या शिसवीचे व हस्तिदंताचे जडावकाम केलेली ही कपाटे जहाजांतून युरोपात गेली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ती आजही पाहावयास मिळतात. प्रवासाच्या लहान पेट्यांना तर बाजूस कड्या असत, आणि खणांवर पडणारी फळी कुलूपबंद केली की लाटांच्या हेलकाव्यातही खण बाहेर येत नसे. तेव्हा समुद्र होता, आज घाट आहे, एवढाच भेद.

पहिली अडचण मोजमापाची. गाडी उतारावर उभी असेल, तर ओळंबा व पाणसळ दोन्ही फसवितात. म्हणून गाडीची तळफळी हाच पाया मानून गुण्याने माप घ्यावे. गाडीच्या भिंती सरळ नसतात. त्यांच्या बाकाचा पुठ्ठ्याचा साचा आधी कापावा, मगच फळीला करवत लावावी.

दुसरी अडचण हवेची. पावसाळ्यात घरातील मेजाचा खण अडकतो, हा अनुभव कोणाला नाही? लाकूड ओलाव्याने रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत मात्र जवळजवळ नाही. साखळीहून चोर्ला घाट चढून बेळगावकडे निघालेली गाडी काही तासांत किनाऱ्याची दमट हवा मागे टाकते. म्हणून खणाच्या दोन्ही अंगांस थोडी फट ठेवावी, आणि तळाची फळी खाचेत सरस न लावता मोकळी बसवावी.

तिसरी अडचण वजनाची. १८ मिलिमीटर जाडीचा आठ-चार फुटी प्लायवूडचा तक्ता सुमारे ३० किलो भरतो; १२ मिलिमीटरचा त्याच्या दोन तृतीयांश. जेथे पातळ तक्ता पुरेल तेथे जाड वापरणे हा मजबूतपणा नव्हे, ते गाडीवरचे ओझे आहे. जड सामानाचे खण खाली ठेवावेत, आणि कपाट पत्र्याला नव्हे, तर आतील लोखंडी सांगाड्याला नटबोल्टने आवळावे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वळणावर भरलेला खण सुटला, तर समोर बसलेल्या मुलाच्या अंगावर येईल. लोहचुंबकाची कडी एवढा भार पेलत नाही. जहाजांवरील जुनी युक्ती येथे उपयोगी पडते: खणाच्या पुढच्या फळीच्या खालच्या कडेला खाच ठेवावी, ती चौकटीच्या पट्टीवर बसते. खण उघडताना प्रथम किंचित उचलावा लागतो, मग ओढावा लागतो. धक्क्याने खण पुढे सरकू पाहतो, पण खाच त्याला धरून ठेवते.

गिऱ्हाईक पॉलिश पाहते आणि मजुरी कमी करावयास सांगते. सुतार बिचारा मग हात आखडतो तो न दिसणाऱ्या ठिकाणी: खाचेत, सांध्यात, बोल्टात. दिवाणखान्यातील कपाटात ही काटकसर वर्षानुवर्षे लपून राहील. घाटात ती पहिल्याच वळणावर उघडी पडेल. म्हणून असे काम देणाऱ्याने पॉलिशवर हात फिरविण्यापूर्वी एक खण भरून पाहावा, गाडी खडबडीत रस्त्यावर फिरवून आणावी, आणि खण जागच्या जागी असेल, तर सुताराने मागितलेली मजुरी घासाघीस न करता द्यावी.