बसू दे, ओढू नकोस



माझी ओळख कवी म्हणून करून देतात. ती खोटी नाही. पण आमच्या घरच्यांना विचाराल तर ते म्हणतील, 'मिस्त्रीचा मुलगा, पण पाना धरता न येणारा.' माझे अब्बा मिरजेत ट्रकची कामे करत. हळदीच्या, गुळाच्या गाड्या त्यांच्याकडे येत. मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि ग्रीसच्या वासापासून लांब गेलो. तो वास मला पुन्हा भेटला तो थेट अमेरिकेत, २०२३ च्या जून महिन्यात, पुतण्याच्या घराच्या दारात.

पुतण्या मिशिगन राज्यात राहतो, डेट्रॉइटपासून तासाभरावर. संगणकातली नोकरी मार्चमध्ये गेली होती. नवी मिळाली ती घरापासून चाळीस मैलांवर, आणि त्या बाजूला बस जात नाही. सोमवारी रुजू व्हायचे आणि नेमकी त्या आठवड्यात त्याची पंचवीस वर्षांची पिकअप रुसली. तिकडे पिकअपलाही ट्रकच म्हणतात. पहिल्या दोन गिअरांत ती नीट चाले; तिसरा पडायच्या वेळी मात्र इंजिन नुसते ओरडे आणि गाडी ढिम्म. पुतण्याने तेल मोजायची पट्टी काढून माझ्या नाकाजवळ धरली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल लालभडक असते. हे काळपट झाले होते आणि त्याला करपल्याचा वास होता. आतल्या क्लचच्या चकत्या जळाल्या होत्या. गॅरेजने सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त.

"बडे अब्बा, घरीच बदलू या," तो म्हणाला. "तुम्ही फक्त बॅटरी धरा."

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे काय, हे मला तोवर माहीत नव्हते. आपल्या ट्रकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचप्लेट असते आणि ड्रायव्हर ती पायाने सोडवतो. इथे पायाचे कामच नाही. मध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचे तेलाने भरलेले, भोपळ्यासारखे गोल भांडे असते. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल समजा. ही कल्पना हेर्मान फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, आणि तीही जहाजांसाठी. मोटारीत संपूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर आला तो १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत. आपल्याकडे २०१४ नंतर स्वस्त मोटारींतही 'क्लच नसलेली' गाडी आली; पण तिच्यात बहुधा साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायचे आणि गिअर बदलायचे काम यंत्र करते.

शुक्रवारी दुरुस्त केलेला गिअरबॉक्स आला. दुकानदाराने त्यावर जादा अनामत घेतली. जुना परत दिला की ती मिळते. आपल्याकडे जुनी भांडी मोडीत देतो, तसेच. मोठा जॅकही दुकानातून अनामत ठेवून मिळाला.

शनिवारी फजरची नमाज पढून आम्ही कामाला लागलो. आधी बॅटरीची तार सोडवली. गाडी उचलून चारी बाजूंना लोखंडी घोड्या लावल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचे नाही, हा अब्बांचा नियम त्याला कुणी न सांगता माहीत होता. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट काढण्यापूर्वी त्याने खडूने खूण केली, म्हणजे तो होता तसाच परत बसेल. मग तेल काढले, सायलेन्सरचा पाइप, स्टार्टर, तारा आणि तेल थंड करणाऱ्या नळ्या सोडवल्या. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने खालचा एकेक बोल्ट गंजून दगड झालेला. एका बोल्टाने दोन तास घेतले. शेवटी इंजिनला खालून आधार दिला आणि पाऊणशे किलोचे धूड जॅकवरून हळूहळू खाली आले. तोवर रात्र झाली होती.

रविवारी नवा चढवायचा. आधी तेलाच्या नळ्या धुऊन घेतल्या, कारण जुन्या क्लचचा जळका चुरा तिथे अडकून राहतो आणि तो नव्याचेही वाटोळे करतो. मग कन्व्हर्टर गिअरबॉक्सवर बसवला. तो तीन ठिकाणी बसावा लागतो: एकात एक असलेल्या दोन दातेरी शाफ्टवर आणि मग तेलाच्या पंपाच्या खाचांत. फिरवत फिरवत आत ढकलला की एकेक खटका जाणवतो. पुतण्या म्हणाला, "बसला." गिअरबॉक्स वर गेला, खिट्ट्या भोकांत शिरल्या; पण इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बोटभर फट राहिली.

दुपारचे दोन वाजले होते. घामाने डोळे चुरचुरत होते. पुतण्याने लांब बोल्ट आणला. "एवढीशी तर फट आहे, बडे अब्बा. बोल्ट आवळला की ओढून घेईल."

मी म्हणालो, "थांब."

श्रोतेहो, इथे मला मिरजेला यावे लागते. मी बारा वर्षांचा असेन. अब्बांच्या गॅरेजात रात्री एका ट्रकचा गिअरबॉक्स चढवत होते. पहाटे त्याला हळद भरून निघायचे होते. मी कंदील धरून होतो. शाफ्ट क्लचप्लेटच्या दात्यांत नीट शिरला नव्हता, थोडी फट होती. अब्बा चहा प्यायला बाहेर गेले आणि मला वाटले, आपण काम उरकून दाखवावे. मी पाना घेतला आणि दोन बोल्ट जीव खाऊन आवळले. टक्क! हाउसिंगचा कान तुटून माझ्या पायाशी पडला.

अब्बांनी हात उगारला नाही. तो तुकडा उचलून कंदिलाशी नेला, पाहिला आणि म्हणाले, "बसू दे, ओढू नकोस. ज्याची जागा आहे ते हातानं बसतं. बोल्ट फक्त धरायला असतो." ती हळद दुसऱ्या ट्रकने गेली आणि हाउसिंगचे पैसे अब्बांनी भरले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला गॅरेजात येऊ दिले नाही. "तू शाळा बघ," एवढेच म्हणाले. धाकट्या भावाला मात्र हाताखाली घेतले. मी ती शिक्षा समजलो. बी.ए. झालो, पुस्तके छापली, तरी मनातून ते गेले नाही.

गाडीखाली पडल्या पडल्या मी हे पुतण्याला सांगितले. त्याने बोल्ट बाजूला ठेवला. गिअरबॉक्स पुन्हा मागे घेऊन खाली उतरवला. कन्व्हर्टरला दोन्ही हात लावून, किंचित वर उचलत तो फिरवू लागला. पाच मिनिटे काहीच झाले नाही. मग आत कुठेतरी खट्ट झाले आणि ते भांडे बोटभर आत गेले. मघाशी दोनच खटके बसले होते. त्यावरून बोल्ट आवळले असते तर पंप फुटला असता. गिअरबॉक्स गेला असता आणि सोमवारही.

या वेळी गिअरबॉक्स हातानेच इंजिनला जाऊन टेकला. बोल्ट आवळल्यावर पुतण्याने खालून कन्व्हर्टर बोटांनी फिरवून पाहिला. मोकळा फिरत होता.

बाकीचे जोडायला रात्रीचे नऊ झाले. तेल थोडेथोडे घालायचे, इंजिन चालू करायचे, ब्रेक दाबून दांडा सगळ्या गिअरांतून फिरवायचा आणि इंजिन चालू ठेवूनच पट्टीवर तेल बघायचे. मग आम्ही रस्त्यावर निघालो. पहिला, दुसरा. मी श्वास रोखून बसलो होतो. पुतण्या हसत म्हणाला, "तिसरा पडूनही गेला, बडे अब्बा."

हे काम कुणीही उठून घरी करावे, असे मी सांगणार नाही. त्याला अवजारे लागतात, वजन पेलणारी सोय लागते आणि जाणकार माणूस लागतो. मी जाणकार नाही. पण अब्बांनी मला हाकलले, असे जे मी धरून बसलो होतो, ते त्या रात्री जरा सैल झाले. ज्याची जागा आहे ते हातानं बसतं, हे त्यांनी लोखंडाबद्दल म्हटले होते की माझ्याबद्दल, हे विचारायला ते आता नाहीत.

सोमवारी सकाळी पुतण्या कामावर गेला. मी अंगणात सांडलेल्या तेलावर माती टाकत होतो, तेवढ्यात मिरजेहून भावाचा फोन आला. तो आता अब्बांचे गॅरेज सांभाळतो.

"भाईजान, पाना धरलात म्हणे?"

"नाही रे," मी म्हणालो, "बॅटरी धरली."

"मग झालं," तो म्हणाला. "अब्बा म्हणायचे, बॅटरी धरणाऱ्यानं नीट धरली तर अर्धं काम झालं."

हे वाक्य अब्बांनी मला कधी ऐकवले नव्हते.